आधी खण उघडून वास घ्या, मग लाकूड बघा

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव न छापायची विनंती आहे. थोडक्यात सांगायचं तर त्यांचे बाबा रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले, आणि मागे 14 घड्याळं ठेवून गेले. त्यात पाच एचएमटी (एक जनता, एक पायलट, बाकी क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरची), एक जुनं ओमेगा चावीचं, दोन सिको 5, आजोबांचं वेस्ट एंडचं सोवार, एक चांदीचं खिशातलं घड्याळ आणि बाकी किरकोळ. ताईंनी ऑनलाइन एक लाल मखमलीचा बॉक्स मागवला, दोन पावसाळे गेले आणि आता चांदीचं घड्याळ काळं पडलंय, दोन पट्ट्यांना बुरशी आलीय, आणि घड्याळ बसवायच्या उशीतला फोम चुरा होऊन बोटाला चिकटतोय. शोरूमवाल्याने परदेशी कॅबिनेटचे पावणेदोन लाख सांगितले. दुसरीकडे ओळखीचा सुतार म्हणतोय अस्सल सागवानात करून देतो, आतून मखमल, वरून मेलामाईनचं पॉलिश, चकाचक. ताई विचारतायत, "कुठलं करू? कुठलं लाकूड, कुठलं कापड, आणि तो फिरणारा वाइंडर (ऑटोमॅटिक घड्याळं बंद पडू नयेत म्हणून त्यांना फिरवत ठेवणारं यंत्र) घ्यायलाच हवा का? बाबा ही घड्याळं दर रविवारी पुसायचे, माझ्या हातून ती खराब व्हायला नकोत."

ताई, पहिलं म्हणजे तुमच्या हातून काही खराब झालेलं नाही. त्या बॉक्सने केलंय ते, आणि का केलं ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की शोरूमवाला आणि सुतार दोघांशीही तुम्ही नीट बोलू शकाल.

आपण कपाट बघतो ते बाहेरून. अक्रोडाचं व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) आहे का, बर्ल (गाठीचं नक्षीदार लाकूड) आहे का, पॉलिशमध्ये तोंड दिसतं का. पण घड्याळ राहतं आतल्या हवेत. बंद खण म्हणजे एक छोटी खोली, आणि त्या खोलीत लाकूड, ग्लू, पॉलिश, कापड, फोम हे सगळे रात्रंदिवस काही ना काही सोडत असतात. दार बंद असल्यामुळे ते बाहेर जात नाही, चांदीवर, पितळेवर, डायलवर जाऊन बसतं. म्युझियमवाल्यांना हे फार पूर्वी कळलं. इंग्लंडमध्ये शंख-शिंपल्यांचे संग्रह ओकच्या सुंदर खणांत ठेवायचे आणि शिंपल्यांवर पांढरी पूड धरायची, आधी लोकांना वाटलं रोग आहे, नंतर कळलं की ओकमधून निघणारं ऍसिटिक ऍसिड शिंपल्याला खातंय. म्हणजे लाकूड महागडं, काम अप्रतिम, आणि आतली वस्तू मात्र संपत चाललेली.

तुमचं चांदीचं घड्याळ काळं पडलं ते गंधकामुळे. लोकर असलेल्या कापडातून गंधकाच्या वायू निघतात, काही रबरातूनही निघतात, आणि त्यात आपल्याकडची जुलै-ऑगस्टची 80-85 टक्के आर्द्रता म्हणजे आगीत तेल. माझ्याकडे माझ्या मामाची चांदीची डबी होती, आत दाट लाल लोकरीचं बनातीसारखं कापड, दिसायला इतकी छान की मी दहा वर्षं त्यात एक घड्याळ ठेवलं, आणि काढलं तेव्हा मागचं झाकण निळंकाळं झालेलं, आणि गंमत बघा, जिथे झाकण कापडाला टेकलेलं तिथे सगळ्यात जास्त. चांदीचं झाकण पुसून निघतं, पण डायलवर चांदीचा मुलामा असेल तर तो पुसला की अक्षरंही जातात. म्हणून ते काळं पडलेलं घड्याळ तुम्ही टूथपेस्टने वगैरे घासू नका, चांगल्या घड्याळजीकडे द्या.

आणि तो चिकट फोम. तो पॉलियुरेथेनचा असतो, दमट हवेत तो आतून तुटत जातो, आठ-दहा वर्षांत (स्वस्त असेल तर त्याआधीच) त्याचा चुरा होतो. उशीत तो नकोच. पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा ईपीई फोम, पॉलिथिलिनचा, तो घ्या. तो काही सोडत नाही, कापायला सोपा, आणि वरून धुतलेलं सुती कापड किंवा साधं पॉलिएस्टर मायक्रोफायबर शिवून घ्या. इथे एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. तयार उशा मोठ्या मनगटाच्या मापाच्या असतात. आपल्याकडे साडेसहा इंची मनगट पुष्कळांचं, त्या मापाला कमी केलेला पट्टा मोठ्या उशीवर ओढून बसवला की चामडं भोकाजवळ ताणतं आणि स्टीलच्या पट्ट्याच्या पिना सैल होतात. बाबांच्या प्रत्येक घड्याळाच्या पट्ट्याचा घेर दोऱ्याने मोजा आणि उशी त्याहून थोडी बारीकच करा, घड्याळ तिच्यावर सैलसर बसलं पाहिजे.

आता लाकडाचं. तुमचा सुतार सागवान म्हणतोय ते चूक नाही. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं, बल्लारशा-आलापल्लीचं सागवान मिळतं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना तिथलंच गेलं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, तो फारसा हलत नाही. पण सालाकडचा जो पांढरट भाग असतो त्याला हे गुण नाहीत, त्याला वाळवीही लागते, म्हणून "पांढरं एक इंचही नको" हे आधीच सांगून ठेवा, कारण पॉलिश लागल्यावर ते दिसत नाही. शक्य असेल तर जुन्या वाड्याच्या तुळयांचं लाकूड बघा, पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये, मुंबईत जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं, ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं. फक्त खिळे शोधून काढावे लागतात नाहीतर रंध्याचं पातं जातं, त्यामुळे सुतार कुरकुर करेल.

सागाला तेल असतं, आणि त्या तेलामुळे ग्लू धरत नाही. सांधा जोडायच्या अगदी आधी, दोन्ही बाजू ऍसिटोनने किंवा थिनरने पुसून मग ग्लू लावायचा, हे चांगला सुतार करतोच, पण घाईत राहून जातं आणि मग दोन वर्षांनी सांधा उघडतो. हे तुम्ही समोर उभं राहून बघा.

शिसवीचं कोणी सुचवलं तर सुंदर आहे, जुन्या गोव्याच्या घरांतलं ते काळसर फर्निचर बघितलं असेल तुम्ही, पण नवीन शिसवी आता सहज मिळत नाही आणि मिळाली तर कागदपत्रं विचारा. ओक नको, वर सांगितलं ते कारण. आणि सिगारच्या पेट्यांना वापरतात तो सुवासिक सीडर, किंवा आपला देवदार, तो पण नको. लोक म्हणतात वास छान येतो, कसर लागत नाही. अहो वास येतो म्हणजेच काहीतरी हवेत सुटतंय ना. सिगारची पेटी तर मुळात 65-70 टक्के ओल धरून ठेवायला बनवलेली असते, घड्याळाला नेमकी तीच नको असते. तसंच डांबरगोळ्या आणि कापूर, आपल्या घरात कपाट म्हटलं की हात तिकडेच जातो, घड्याळांच्या कपाटात दोन्ही नको. जुन्या प्लॅस्टिकच्या काचांना आणि वार्निश केलेल्या डायलला ती वाफ बाधते.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मी स्पष्ट नाही म्हणेन. त्यातल्या ग्लूमधून फॉर्मल्डिहाइड निघत राहतं, त्याचं पुढे फॉर्मिक ऍसिड होतं. प्लाय वापरायचा असेल (आणि मागच्या पॅनेलला, खणाच्या तळाला प्लायच चांगला) तर आयएस 710 चा शिक्का बघून घ्या, त्यात फिनॉलिक ग्लू असतो, तो साध्या एमआर प्लायच्या ग्लूपेक्षा खूप कमी वायू सोडतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत, लिपिंग (लाकडाची पातळ पट्टी) मारून बंद करायच्या, आणि आत जिथे प्लाय दिसतो तिथे ऍल्युमिनियमचा टेप लावून वरून कापडाचा ट्रे ठेवायचा. म्युझियममध्ये ऍल्युमिनियम फॉइलचंच लॅमिनेट वापरतात, आपण टेप वापरू, तत्त्व तेच.

आणि व्हिनियर म्हणजे फसवणूक असं मनात असेल तर ते काढून टाका. लंडनचे रॅपोर्ट 1898 पासूनचे, जर्मनीचे डॉटलिंग 1919 पासूनचे, फ्लॉरेन्सचे आग्रेस्ती, अशा घड्याळांच्या पेट्या-तिजोऱ्या करणाऱ्या नावाजलेल्यांच्या कामावर जो बर्ल दिसतो तो व्हिनियरच असतो, कारण बर्ल म्हणजे झाडाच्या गाठीतलं वेडंवाकडं धाग्याचं लाकूड, ते अख्खं वापरलं तर तडकतं. कारागिरी दिसते ती दोन पानं जिथे मिळतात तिथे, रेषा सरळ आहे का, नक्षी आरशासारखी समोरासमोर जुळलीय का. पावणेदोन लाखातले बरेच पैसे तुम्ही त्या लॅकरच्या थरांना आणि आतल्या मोटरींना देता. तुमच्या 14 पैकी ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, फक्त दोन सिको. जनता, पायलट, ओमेगा, सोवार हे हाताने चावी द्यायचे, वाइंडरवर ठेवले तरी त्यांना काही फरक पडत नाही, क्वार्ट्झचा तर प्रश्नच नाही. आणि सिको 5 थांबला तर हातात घालून चार पावलं चाललं की सुरू. त्यामुळे वाइंडर नको, ते पैसे सुताराला द्या. हो, क्वार्ट्झमधले संपलेले सेल मात्र आजच काढून घ्या, सेल गळला की सर्किट जातं आणि जुन्या एचएमटीचे पार्ट आता शोधत फिरावं लागतं.

मेलामाईनबद्दल तुमच्या सुताराचं ऐकू नका, निदान आतून तरी नाही. मी बारा वर्षांपूर्वी एक कपाट करून घेतलं, माझं पहिलंच, आतून-बाहेरून मेलामाईन, आणि मला इतकी घाई होती की चौथ्या दिवशी घड्याळं आत ठेवली. डोळे चुरचुरायचे खण उघडला की, मला वाटलं नवीन पॉलिश आहे, जाईल. त्या पावसाळ्यात दोन घड्याळांच्या मुलामा दिलेल्या पितळी केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) पायांपाशी, जिथे पट्ट्याची पिन बसते तिथे, हिरवं आलं. मेलामाईनमध्ये फॉर्मल्डिहाइडवालं रेझिन आणि ते सुकवायला ऍसिड असतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. म्हणून बाहेर हवं तर टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) करा, आतून फक्त चपड्याचं पॉलिश, तेही पातळ तीन-चार हात, स्पिरिटमध्ये विरघळवून रुब्याने (कापडाच्या बोळ्याने) मारायचं. चपडा म्हणजे आपली लाखच, स्पिरिट उडून गेलं की वास राहत नाही, आणि हवेतली ओल तो लाकडात पटकन शिरू देत नाही. आणि काहीही केलं तरी पॉलिश झाल्यावर किमान महिनाभर सगळे खण उघडे ठेवून कपाट तसंच राहू द्या. पांढरा ग्लूसुद्धा सुकताना थोडं ऍसिटिक ऍसिड सोडतो, त्यालाही वेळ पाहिजे.

वरच्या खणाला काच हवी असं तुम्ही लिहिलंय. बसवा, पण काचवाला जो सिलिकॉन लावतो त्याला व्हिनेगरचा वास येतो, तो वास म्हणजे तेच ऍसिटिक ऍसिड. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा किंवा काच लाकडी बीडिंगने धरा, मला दुसरं जास्त आवडतं, काच फुटली तर बदलता येते. काचेवर थेट ऊन नको, डायलचा रंग उतरतो.

कारागिरी कशी ओळखायची? खण पूर्ण बाहेर काढा आणि बाजूने बघा. पुढच्या पट्टीला बाजूची पट्टी कशी जोडलीय? नुसती टोकाला टोक लावून खिळे मारले असतील तर नमस्कार करून निघा. डव्हटेल असेल, म्हणजे बोटात बोटं अडकवल्यासारखा सांधा, तर त्या बोटांच्या कडेला फट बुजवायला भरलेल्या पुटीची रेघ आहे का बघा. नखाने ओढून बघा, पुटी असेल तर नख अडतं, रंगही जरा मेलेला दिसतो. तळाचा प्लाय खाचेत सरकवलेला हवा, चिकटवलेला नको, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी त्याला जागा राहते. एक फूट रुंद सागवानी फळी मार्च ते ऑगस्ट सहज दोनेक मिलीमीटर फुगते, तिला चारी बाजूंनी ग्लूने बांधून टाकलं तर ती तडकते किंवा चौकट उघडते. म्हणून दार आणि बाजू चौकटीत खाच मारून मोकळ्या पॅनेलने करायच्या. खण मात्र कमी उंचीचे ठेवा, सहा-साडेसहा सेंटीमीटर, तेवढी पट्टी पावसात अर्ध्या मिलीमीटरपलीकडे फुगत नाही, त्यामुळे वर एक मिलीमीटर जागा सोडली की बारा महिने अडकत नाही. घड्याळाचा एकेक कप्पा आतून 60 मिलीमीटर रुंद आणि 90 लांब ठेवला की बोटं घालून उशी काढता येते.

माझ्या आत्ताच्या कपाटाचा सुतार साठी उलटलेला आहे, त्याने खण बसवताना स्टीलचे चॅनेल लावूच दिले नाहीत. प्रत्येक खण रंध्याने एकेक कात काढत, आत सरकवत, कुठे घासतंय तिथे पेन्सिलची खूण करत, पुन्हा काढत, असा दीड दिवस एका खणाला. शेवटी खालच्या पट्टीला साधी मेणबत्ती घासली. आणि मग मला म्हणाला, वरचा खण लोटा. मी लोटला तर खालचा आपोआप बोटभर पुढे आला, आतली हवा ढकलली गेली म्हणून. मी तीन वेळा करून बघितलं. असं फिटिंग आपल्याकडच्या पावसात टिकवायचं तर लाकूड खरंच वाळलेलं हवं, सुताराकडे मॉइश्चर मीटर असेल तर 10-12 टक्के दाखवलं पाहिजे, नसेल तर कापलेलं लाकूड महिनाभर तुमच्याच घरात रचून ठेवायला लावा.

बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात थेट पिळला तर मान तुटते, म्हणून आधी ड्रिल, मग त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू घालून काढायचा, मग पितळी. आणि एक गोष्ट सुताराला दोनदा सांगा, मॅग्नेट कॅचर लावायचा नाही. सवयीने लावतात ते. चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळाची केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. बॉल कॅचर लावा किंवा नुसतं कुलूप. तुमचा ओमेगा दिवसाला काही मिनिटं पुढे जातो असं लिहिलंय ना, त्या ऑनलाइन बॉक्सचं झाकण चुंबकाचं होतं का बघा. मोबाइलमधलं कंपास उघडून घड्याळ जवळ न्या, काटा एकदम उडी मारून फिरला तर घड्याळजीकडे डीमॅग्नेटाइझ करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

ओलीचं म्हणाल तर एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवा आणि आकडा 45-50 च्या आसपास राहील असं बघा. तो खरा दाखवतो का ते तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ, वर दोन-चार थेंब पाणी, आणि दोन्ही एका झिपच्या पिशवीत रात्रभर, सकाळी 75 दाखवलं पाहिजे. तळाच्या खणाला भोकं पाडून अर्धा किलो सिलिका जेल, नारिंगीचं हिरवं होतं ते घ्या, निळं-गुलाबी नको, त्यात कोबाल्ट असतो. हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 डिग्रीला दोन-तीन तास, पुन्हा नारिंगी. उन्हाळ्यात मात्र अर्धं काढून घ्या, 30 च्या खाली गेलं की चामड्याचे पट्टे तडकतात. आणि बुरशी आलेल्या पट्ट्या नवीन कपाटात नेऊच नका, बाबांच्या हातच्या म्हणून ठेवायच्या असतील तर वेगळ्या डबीत.

कपाट बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा मागे सोडा, आणि स्पीकरपासून लांब.

आजोबांच्या सोवारबद्दल वेगळं लिहितो, कारण हे महत्त्वाचं आहे. तुम्ही म्हणता त्याचे आकडे पिवळट-तपकिरी आहेत आणि पूर्वी अंधारात चमकायचे. आपण मराठीत चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतो, स्टिकरलासुद्धा, पण त्या काळच्या घड्याळांत खरंच रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे ते गेलं असं नाही, रंगातली पूड थकते, रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. बाहेरून बघायला, हातात घ्यायला घाबरू नका, पण मागचं झाकण किंवा काच घरी उघडू नका, ती पूड पोटात-फुप्फुसात जाता कामा नये. आणि ते या नवीन घट्ट बंद कपाटात नको, बेडरूममध्येही नको, त्यातून निघणारा रेडॉन वायू बंद जागेत साठतो. हवेशीर खोलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, काचेच्या शोकेसमध्ये थोडी फट ठेवून राहू द्या. घड्याळजीला द्याल तेव्हा आधीच सांगा.

कापड चिकटवायचं नाही हे राहिलंच. पातळ ऍक्रिलिक शीट कप्प्याच्या मापाची कापून, कापड त्यावर ताणून मागे टाके घालायचे, म्हणजे काढून धुता येतं. कापड आधी दोनदा धुवा, कम्फर्ट वगैरे न घालता, आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून रंग सुटतो का बघा. गडद लाल आवडतो तुम्हाला, मला कळतं, पण एकदा मोतिया रंगावर चांदी ठेवून बघा, काळं पडायला लागलं तर लगेच दिसतंही.

आणि कपाट घरी आलं, महिनाभर वारं खाऊन झालं, की लगेच घड्याळं ठेवू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 साली अँड्र्यू ऑडी यांनी एक चाचणी काढली, चांदी, तांबं आणि शिसं यांचे घासलेले तुकडे ज्या वस्तूवर शंका आहे तिच्यासोबत बंद नळीत 60 डिग्रीला 28 दिवस ठेवायचे. आपण घरच्या घरी साधी करू. सोनाराकडून चांदीचा छोटा तुकडा, तांब्याच्या वायरचा एक तुकडा, मासेमारीच्या गळाला लावतात तसं शिशाचं वजन, तिन्ही बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासायचे (पेपर तिघांना वेगळा, शिसं घासून झालं की हात धुवून टाका), खणात ठेवायचे, कपाट बंद, वर चिठ्ठीवर तारीख. तेवढेच तिन्ही तुकडे एका स्वच्छ काचेच्या बरणीत बाजूला, तुलनेसाठी. दीड-दोन महिने थांबा, पावसाळ्यात केलं तर उत्तम. खणातलं शिसं पांढरं झालं तर ऍसिड आहे, चांदी काळवंडली तर गंधक आहे, कुठल्या खणात झालं ते बघून तिथलं कापड किंवा पॉलिश बदला, आणि मला फोटो पाठवा. तिन्ही तसेच राहिले तर येत्या रविवारी बाबांची जनता आधी आत ठेवा, चावी देऊन.